सासूचा आजार सुनेला

दवाखान्यात गेलं की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. घरात कुणाला काही आहे का? शुगर, बीपी, हार्ट, दमा, कॅन्सर? आईला? वडिलांना? आजा-आजीला? कागदावर त्यासाठी छापील रकाना असतो. ज्यांच्या घरानं तीन पिढ्या डॉक्टर पाहिला आहे ते लोक धडाधडा सांगतात. वडील बासष्टाव्या वर्षी हार्टनं, आजोबा अर्धांगानं, आईला थायरॉईड. आपल्या माणसाची मात्र तिथं बोबडी वळते. तो म्हणतो, काही नाही साहेब. साहेब लिहितात, काही नाही.

हे ‘काही नाही’ मला बरेच दिवस टोचत होतं. म्हणून एकदा वही घेऊन मायपुढं बसलो आणि आमच्या घराचा रकाना भरायला घेतला. आजा कशानं गेला? “छातीत भरलं.” आजी? “पोटात गोळा उठला.” थोरला चुलता? “ढास लागली हुती, मग रगत पडाया लागलं.” आत्या? “बाळंतवात.” धाकटा चुलता? “त्याला काय बी झालं न्हाई, नुस्ता झोपला तो उठलाच न्हाई.” कोणत्या साली, म्हणून विचारलं तर माय साल सांगत नाही. ती म्हणते, त्या पट्ट्याला आपण कोल्हापूरकडं हुतो. किंवा, त्या टायमाला प्रवरेकडं हुतो, आपला बैल बसला हुता तवा. तिची सगळी कालगणना साखर कारखान्यांची आहे. लेकरं जन्मली त्यांचीही तीच, माणसं मेली त्यांचीही तीच.

म्हणजे आमच्याकडं इतिहास नाही असं नाही. तो रकान्यात बसत नाही एवढंच. माझ्या चुलतभावाला डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला शुगर? तो म्हणाला, “साहेब, शुगर तर तीन पिढ्यांची हाय. आज्यानं तोडली, बापानं तोडली, मी तोडायलो.” डॉक्टर हसले. लिहून मात्र काही घेतलं नाही.

दोस्तहो, मला इथं एक प्रश्न मांडायचा आहे. आजार वारशानं येतो म्हणजे काय? वैद्यकशास्त्र म्हणतं, रक्तातून येतो. बापाची शुगर लेकाला, आईचं बीपी लेकीला. शास्त्र खोटं बोलत नाही, तपासण्या करून बोलतं. पण ‘रक्तात आहे’ हा शब्द ऐकला की आपण सावध व्हायला पाहिजे, कारण हा शब्द आपल्याला नवा नाही. ढोरं ओढणं यांच्या रक्तात आहे, झाडू मारणं यांच्या रक्तात आहे, हे आपल्या बापजाद्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलं. माणसाला एका कामाला जुंपायचं, त्याच्या लेकराला त्याच कामाला जुंपायचं आणि तिसऱ्या पिढीला सांगायचं, बघा, यांच्या रक्तातच आहे. ही युक्ती आपल्यावर वापरून वापरून गुळगुळीत झालेली आहे. म्हणून आजाराच्या बाबतीत ती वापरली गेली तर ती ओळखायचं काम आपलंच.

आता त्याच वहीतलं बायकांचं पान सांगतो.

माय. पिशवी काढली. वय तिशीच्या आत-बाहेर, तिला नक्की सांगता येत नाही. थोरली चुलती. काढली. धाकटी चुलती. काढली. माझी थोरली वहिनी. अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. आणि मावशी, म्हणजे मायची सख्खी पाठची बहीण? तिची आहे. सत्तरी गाठली, अजून आहे, काही तक्रार नाही.

हे पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. माय आणि मावशी एका आईच्या पोटच्या. रक्त एक. आजार वेगळा. दोन चुलत्या आणि वहिनी या तीन वेगवेगळ्या गावांहून, तीन वेगवेगळ्या घरांतून सून म्हणून आमच्याकडं आल्या. मायशी त्यांचं रक्ताचं नातं थेंबाचंही नाही. आजार एक. मावशीचा नवरा लातूरकडं एका शाळेत शिपाई होता, तिनं आयुष्यात कधी ऊस तोडला नाही. बाकीच्या चौघींनी तोडला. आमच्या घरात हा आजार आईकडून लेकीला जात नाही, सासूकडून सुनेला जातो. तो रक्तातून येत असता तर सुनेला झालाच नसता. तो कोयत्यातून येतो.

एका घराचा हिशेब म्हणजे शास्त्र नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून मोठा हिशेब बघू. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत, खाजगी दवाखान्यांमधून, ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हा आकडा देशात शंभरात तीनच्या आसपास होता. आता बालाघाटाच्या डोंगरातल्या बायकांचं रक्त बाकी देशापेक्षा निराळं आहे, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं पुढं येऊन म्हणावं.

त्याच साली पेपरवाले आले. वंजारवाडीचं नाव इंग्रजी दैनिकात छापून आलं. ‘गर्भपिशवी नसलेल्या बायकांचं गाव’ अशी पाटी गावाला लागली. पत्रकारांनी लिहिलं म्हणून तर गोष्ट उजेडात आली, तेव्हा त्यांना नावं ठेवत नाही. पण पाटी लागली ती गावाला. साखरेच्या पोत्याला कुणी पाटी लावली नाही.

रक्त नाही म्हटलं की दुसरं उत्तर तयार असतं. कर्म. “माझ्या नशिबाचं भोग,” माय म्हणते, आणि असं म्हणताना तिचा आवाज अगदी शांत असतो. दवाखाना नव्हता तेव्हा या शब्दानं तिला धीर दिला असेल, ते मी नाकारत नाही. पण धीर देणारा शब्द खरा असतोच असं नाही. याच प्रश्नावर एक फार जुना संवाद आहे. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळं, असं काही लोक सांगतात, आपलं म्हणणं काय? बुद्ध एका शब्दात हो-नाही म्हणत नाहीत. ते कारणं मोजतात. काही दुखणी पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही मिळून. काही ऋतू पालटल्यानं. काही विषम परिहारानं. काही बाहेरून झालेल्या आघातानं. आणि काही कर्माच्या विपाकानं. आठ कारणांत कर्म हे एक, आणि तेही शेवटी. ही कारणं तर माणसाला स्वतःला दिसतात, लोकांनाही ठाऊक असतात. तेव्हा सगळ्याचं खापर कर्मावर फोडणारे डोळ्यांनी दिसतं त्याच्याही पुढं धावतात, असं बुद्धांचं म्हणणं.

यातला ‘विषम परिहार’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शरीराची नीट राखण न होणं, ते वेडंवाकडं वापरलं जाणं. यावरच्या पाली अट्ठकथेत उदाहरणं दिली आहेत. फार मोठं ओझं वाहणं. चुना कुटणं. भलत्या वेळी हिंडताना साप चावणं, खड्ड्यात पडणं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. दीड हजार वर्षांपूर्वी कुणा भिक्खूनं हे लिहिलं, त्यानं ऊसतोड पाहिली नव्हती. पण डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी आणि पहाटे तीनला अंधारात फडात शिरणं, पाचटात साप, हे सगळं त्या एका शब्दात आहे. १९७२ च्या दुष्काळात आमचा आजा आणि आजी सडकेवर खडी फोडत होते. तेही आहे.

म्हणजे त्या भिक्खूलाही ठाऊक होतं की ओझं वाहणाऱ्याचं दुखणं ओझ्यातून येतं. आपल्या दवाखान्याच्या कागदावर मात्र अजून त्याला रकाना नाही. तुमच्या डोक्यावर किती ओझं असतं, किती वर्षं, असं कुणी विचारत नाही. पाळीच्या चार दिवसांत कापड कुठं धुता, कुठं वाळवता, असं विचारत नाही. सहा महिने कोपीत राहता तिथं संडास आहे का, पाणी किती लांबून आणता, बाळंत झाल्यावर कितव्या दिवशी कोयता धरला, हेही विचारत नाही. माझ्या धाकट्या चुलतीनं बाराव्या दिवशी धरला होता. लेकरू फडाच्या बांधावर पाचटाच्या सावलीत.

आता पिशवी निघते कशी ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला वाटतं की कुणीतरी दांडगाईनं बायकांना धरून नेतं. तसं काही नसतं. बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागतं. कंबर धरते. पाळीत रक्त जास्त जातं. फडातून दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. जोडी म्हणजे एक कोयता, नवरा अर्धा आणि बायको अर्धा, तेव्हा एकीचा खाडा तो जोडीचा खाडा. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. म्हणून बाई मेडिकलवरून गोळी आणून गिळते आणि पट्टा संपेपर्यंत ढकलते. गावी आल्यावर दवाखाना. तिथं सोनोग्राफी. तिथं एक शब्द तिच्या कानात पडतो, गाठ. किंवा सूज. किंवा, आता ठेवली तर पुढं कॅन्सर व्हायचा. जिच्या घरात कुणी कॅन्सरचं माणूस पाहिलेलं असतं तिला तर दुसरं काही ऐकूच येत नाही. पांढरं जाण्याचं बहुतेक दुखणं गोळ्यांनी बरं होतं. पिशवी काढणं हा त्यावरचा पहिला इलाज नव्हेच. हे तिला सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि ऐकायला तिलाही नसतो. “लेकरं झाली ना? मग पिशवीचं काय काम?” हे वाक्य आमच्या भागात डॉक्टरही म्हणतो, सासूही म्हणते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. पोरगा हवा तोवर त्या पिशवीची यंत्रानं पाहणी. पोरगा झाला की ती अडगळ.

आणि बाई स्वतःच म्हणते, काढून टाका.

माझ्या मते खरा अवघड प्रश्न इथं सुरू होतो. कागदावर तिचा अंगठा असतो, आता सही असते. डॉक्टर म्हणतो, तिनं मागितलं, मी केलं, संमती आहे. मुकादम म्हणतो, मी काय काढायला सांगितलं का? कारखाना म्हणतो, मजूर आमचा नाहीच, मुकादमाचा आहे. नवरा म्हणतो, तिचा जीव, तिची मर्जी. चौघंही खोटं बोलत नाहीत. चौघांचं खरं मिळून एका बाईची पिशवी जाते आणि दोषी कुणीच नाही.

मर्जी कशाला म्हणायचं? माणसापुढं दोन वाटा असतात आणि तो त्यांतली एक धरतो, त्याला मर्जी म्हणतात. हिच्यापुढं दुसरी वाट कोणती होती? महिन्यातले चार दिवस विसावा, ही. ती बंद. स्वच्छ पाणी आणि संडास, ती बंद. वेळेवर साधा तपास आणि गोळ्या, ती बंद. सगळ्या वाटा बंद करून एकच उघडी ठेवायची आणि मग म्हणायचं, बघा, ही आपल्या पायानं चालत आली. माझ्या आज्यानंही गावकी आपल्या मर्जीनंच केली असं गावातले लोक सांगतात. विचारा, नाही कोण म्हणालं होतं?

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन, बिचारीला काही कळत नाही, असंही मी म्हणणार नाही. काही सुधारक असं म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. तिला चांगलं कळतं. तिचा हिशेब डॉक्टरपेक्षा पक्का असतो. खाड्याचे पाचशे धरा. महिन्याला चार दिवस, सहा महिन्यांचा पट्टा, चोवीस दिवस. बारा हजार. ऑपरेशनला पस्तीस हजार लागतात. तीन पट्ट्यांच्या विसाव्यात ऑपरेशन फिटतं, आणि पुढचे सगळे पट्टे फुकटात. तिचा हा हिशेब चुकत नाही. चुकते ती ज्या वहीत तो मांडावा लागतो ती वही. बाईच्या अंगातली एक पिशवी तीन हंगामांच्या विसाव्यापेक्षा स्वस्त पडते, असा भाव ज्या बाजारात आहे, त्या बाजाराला तिनं बनवलेलं नाही.

आणि ऑपरेशननं सुटका होते का? वहिनीकडं बघा. तिच्या पिशवीबरोबर बीजांडंही काढली होती. तसं केलं की पाळी जायचं वय एका दिवसात येतं. हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगात वाफा येतात, झोप जाते, पुढं हृदयाचं दुखणं वाढायची भीती. बीजांडं ठेवली तरी त्यांचं काम लवकर थांबण्याचा संभव असतोच. वहिनी आज बेचाळीस वर्षांची आहे आणि मायच्या पुढं वाकून चालते. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच उचल घेऊन भरले होते. म्हणजे फडानं आजार दिला, आजाराच्या इलाजाला फडानं कर्ज दिलं आणि ते फेडायला तिला पुन्हा फडात नेलं. ऑपरेशननंतर किती दिवसांनी गेली ते लिहीत नाही. तिनं लिहू नको म्हणून सांगितलं आहे.

कुणी म्हणेल, हा दलितांचा प्रश्न कसा? फडात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठेही आहेत. आहेत. कोप्या अजून जातवार पडतात, पण मोळीचं वजन सगळ्यांच्या डोक्याला तेवढंच. ज्या दुखण्याचं नाव ‘रक्त’ आणि ‘कर्म’ म्हणून सांगितलं जातं ते दुखणं आपण आधी भोगलेलं आहे, म्हणून त्याची ओळख आपल्याला आधी पटते. एवढाच आपला अधिकार. आणि हे फक्त बीडचंही नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच विनाकारण ऑपरेशनांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्याबाबतच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. बिहार-राजस्थानात ऊसाचे फड आमच्यासारखे नाहीत. पण गरीब बाईची पिशवी तिथंही स्वस्त निघाली.

बीड जिल्ह्यात २०१९ नंतर खाजगी दवाखान्यानं असं ऑपरेशन करण्याआधी सरकारी शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी असा नियम झाला. नियम चांगला. पण परवानगीनं ऑपरेशन थांबतं, कंबर दुखायची थांबत नाही. नको म्हणणं सोपं आहे. विसाव्याचा भार कोण उचलणार हा प्रश्न त्या नियमात नाही.

तो प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विचारला होता. गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या काळात पगारी विसावा द्यायचं विधेयक आलं होतं. मालकधार्जिण्या लोकांचा विरोध होता. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं की, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार खरं तर सरकारनंही घ्यायला हवा, पण सरकार घेत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण बाईच्या मेहनतीचा फायदा त्याला मिळतो. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

मी ते भाषण वाचतो तेव्हा त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून वाचतो. बाबासाहेबांचा राजरत्न १९२६ साली गेला. त्याच्याआधी गंगाधर, रमेश, इंदू गेली होती. रमाई १९३५ च्या मे महिन्यात गेल्या, दीर्घ आजारानं. त्या घराचा रकाना भरायचा तर काय लिहाल? रक्त? ज्या माणसाच्या घरात चार लेकरांचे पाळणे रिकामे झाले, त्यानं सभागृहात उभं राहून नशीब हा शब्द काढला नाही. विसाव्याचा खर्च कुणाच्या खात्यात, एवढंच विचारलं.

पुढं बाळंतपणाच्या रजा वाढल्या. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती २६ आठवड्यांची झाली. ज्या बाईला मालक कोण ते दाखवता येतं तिला ती मिळते. आमच्या बायकांना मुकादम दाखवता येतो. कारखान्याच्या भिंतीच्या आत तयार होते ती साखर, भिंतीच्या बाहेर तुटतो तो ऊस, आणि कायदा बराच काळ भिंतीच्या आतच राहिला. विसावा म्हणजे औषधच आहे, आणि ते औषध कुणी द्यायचं हे ठरल्याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीला अर्थ नाही.

हे सगळं मी आज का लिहितो आहे, तर आमच्या घरात पाचवीचं नाव निघालं आहे. वहिनीची सून. सव्वीस वर्षांची. दोन लेकरं, नसबंदी झालेली. मी तिचा चुलत सासरा, तेव्हा असलं दुखणं ती माझ्याशी बोलणार नाही. तिनं माझ्या बायकोला सांगितलं. बायको अंगणवाडीत आहे, तिला बायका सांगतात. “काकी, लई पांढरं जायलंय. कंबर ऱ्हाईना. आत्याबाई म्हणायल्यात, काढून टाक, मी बी काढली, काय मेले का?” तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं. पिशवीला सूज आहे, काढलेली बरी, असं सांगितलं. सूनबाईचं मन झालेलं आहे. उचलही घेऊन झाली आहे.

मी बायकोला म्हणालो, तिला सांग, नको काढू. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, “अहो, तुम्हाला आजारपणाची रजा हाय, पगार चालू. तिला नको म्हणायचं तर आधी तिच्या खाड्याचे पैसे मोजा. नुस्तं नको म्हणायला काय लागतंय?”

यावर मी दोन रात्री विचार केला. उपदेशाचा अधिकार कुणाला, हा प्रश्न पुस्तकात फार गुंतागुंतीचा वाटतो. बायकोनं तो पैशात आणून ठेवला. एखाद्याला ‘ही वाट धरू नको’ म्हणायचं तर दुसरी वाट चालण्याचा खर्च आपण किती उचलणार, ते आधी सांगायचं. मी या पट्ट्याचे बारा हजार भरू शकतो. पुढच्या पट्ट्याचेही कदाचित. पण मी भरले म्हणजे प्रश्न सुटला का? विसावा तिचा हक्क न होता माझा उपकार झाला. आज सासऱ्याचा पगार आहे म्हणून तिची पिशवी राहिली, शेजारच्या कोपीतल्या बाईला मास्तर सासरा नाही म्हणून तिची गेली. पैसे भरायचे हे तर मी ठरवलंच आहे. पण भरताना ते कुणाच्या वतीनं भरतो आहे, हे बोललं पाहिजे असं मला वाटलं.

म्हणून मुकादमाकडं गेलो. तोही आमच्याच भागातला, वाईट माणूस नाही, कारखान्याकडं त्याचंही देणं आहे. मी म्हणालो, पाळीचे चार दिवस तिचा खाडा धरू नका. यंदा मी भरतो, पण तुम्ही वहीत लिहा की हे पैसे कारखान्याकडून येणं आहे. तो हसला. “मास्तर, एकीला दिलं तर टोळीतल्या साऱ्या मागतील.” मी म्हणालो, साऱ्यांचंच लिहा. त्यानं वही मिटली आणि चहा मागवला. लिहिलं नाही. पण चहा पिता पिता त्यानं आपण होऊन विचारलं की सोनोग्राफीचा कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा तर कुठं दाखवावा. त्याच्याही घरात कुणीतरी असणार. मी विचारलं नाही.

सोमवारी सूनबाईला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं आहे. बायको बरोबर जाईल, मी लेकरं सांभाळीन. जुना कागद, सोनोग्राफी आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवली आहेत. त्यात मी एक कोरा कागदही टाकला आहे. त्यावर सूनबाईकडूनच विचारून बायकोनं लिहून घेतलं, डोक्यावरची मोळी किती किलोची, किती वर्षं उचलते, पहाटे किती वाजता उठते, पाणी किती लांब, धाकटं लेकरू झाल्यावर कितव्या दिवशी फडात गेली. डॉक्टरांनी घरात कुणाला काय आहे म्हणून विचारलं, तर तो कागद पुढं करायचा.